सही करण्याआधी: युनियनबद्दल अजून न ठरवलेल्या सहकाऱ्यांना खुले पत्र

सहकारी मित्रमैत्रिणींनो,

युनियनच्या अर्जावर सह्या गोळा व्हायला लागल्यापासून आपल्याकडे दोन तट पडले आहेत आणि दोघांचाही आवाज चढलेला आहे. एक तट म्हणतो, युनियन झाली की पगार वाढेल, नोकरी पक्की होईल, साहेब सरळ येतील. दुसरा म्हणतो, युनियन आली की कामाचे तीनतेरा वाजतील, पुढारी माजतील आणि शेवटी टाळं लागेल. या दोन्ही तटांना सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही. हे पत्र आहे ते सही न केलेल्यांना आणि नकारही न दिलेल्यांना. जेवणाच्या सुट्टीत दोन्हीकडचं ऐकून घेऊन गप्प बसणाऱ्यांना. आपली संख्या सर्वांत मोठी आहे, त्यामुळे युनियन होते की नाही हे आपल्यावरच ठरणार आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. युनियन व्हावी असं मला वाटतं. मात्र पगारवाढ हे त्याचं मुख्य कारण मी धरत नाही. आणि ज्या युनियनची घटना मी वाचलेली नाही तिच्या कागदावर मी सही करणार नाही. हे मत कसं झालं ते आता लिहिते. पटलं नाही तर खोडून काढा.

पगारापासून सुरुवात करू, कारण सगळ्या कुजबुजीचा विषय तोच आहे. युनियनमुळे पगार वाढतो हे खोटं नाही. अमेरिकेत यावर अनेक दशकं अभ्यास झाला आहे. शिक्षण, अनुभव, उद्योग सारखे धरले तरी युनियनच्या करारात काम करणाऱ्यांचा पगार इतरांपेक्षा साधारण 10 ते 15 टक्क्यांनी जास्त निघतो. पण हा आकडा फलकावर लिहून टाळ्या घेण्याआधी तो येतो कुठून ते पाहायला हवं. हार्वर्डच्या रिचर्ड फ्रीमन आणि जेम्स मेडॉफ या अर्थतज्ज्ञांनी 1984 मध्ये युनियनच्या परिणामांची सविस्तर तपासणी केली. युनियन असलेल्या कंपन्यांचा नफा कमी होतो, असं त्यांनीच स्पष्ट नोंदवलं. म्हणजे वाढीव पगाराचा काही भाग तरी मालकाच्या नफ्यातून येतो. त्यात वाईट काही नाही, मागणीचा अर्थच तो आहे. पण नफा मुळात पातळ असेल, शेजारच्या प्रतिस्पर्ध्याकडे युनियन नसेल आणि ग्राहक किमतीवरून इकडून तिकडे उडी मारत असतील, तर एकट्या कंपनीच्या युनियनला ओढून आणता येण्यासारखं फार काही उरत नाही.

स्वीडनचं उदाहरण आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सारखं फिरतं म्हणून सांगते. तिथे किमान वेतनाचा कायदाच नाही, तरी पगार चांगले आहेत, हे खरं. पण तिथे पगार ठरतो तो संपूर्ण उद्योगाच्या पातळीवर, मालकांच्या संघटना आणि कामगारांच्या संघटना यांच्या करारातून. एका कंपनीने पगार वाढवला आणि दुसरीने नाही, असा प्रश्नच तिथे सहसा येत नाही. फ्रान्समध्ये तर युनियनचे सभासद दहात जेमतेम एक, तरीही दहातल्या नऊंपेक्षा जास्त कामगारांना सामूहिक करार लागू होतो, कारण सरकार तो करार संपूर्ण क्षेत्राला लागू करतं. आपण बोलतोय ते एका कार्यालयाच्या, एका मालकाच्या युनियनबद्दल. तिच्याकडून स्वीडनची अपेक्षा ठेवली तर वर्षभरात निराशा पदरी पडेल आणि जे मिळण्यासारखं होतं तेही हातचं जाईल.

मिळण्यासारखं काय आहे ते सांगते, कारण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट इथे आहे.

गेल्या वर्षी रजेचा नियम बदलला तेव्हा आपल्याला तो सूचनाफलकावरून कळला. का बदलला, कुणी विचारलं, कुणाशी बोलणं झालं, काही नाही. अप्रेझलमध्ये एकाच विभागातल्या दोघांना एकाच कामाबद्दल वेगवेगळा शेरा मिळतो आणि दोघांनाही कारण कळत नाही. शिफ्ट कुणाच्या बदलतात आणि कुणाच्या कधीच बदलत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. यातली एकेक गोष्ट घेऊन संपावर जाण्याइतकी मोठी नाही. एकेकट्याने एचआरकडे गेलं तर आपण 'तक्रारखोर' ठरतो, आणि तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली तर दुसऱ्या दिवशी अक्षरावरून नाव निघतं. मग आपण काय करतो? सहन करतो, किंवा दुसरी नोकरी शोधतो. अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने 1970 मध्ये याची मांडणी फार नेमकी केली होती. एखाद्या संस्थेत बिनसलं की माणसापुढे दोन वाटा असतात, एकतर बाहेर पडायचं, नाहीतर आवाज उठवायचा. बाहेर पडायची वाट ज्यांना सहज मिळते ते तरुण, कुशल, जबाबदाऱ्या कमी असलेले लोक. मागे उरतात ते ज्यांना सहन करण्यावाचून गत्यंतर नाही. फ्रीमन आणि मेडॉफ यांना आढळलं की युनियन असलेल्या ठिकाणी नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण कमी असतं, आणि ते निव्वळ पगार जास्त म्हणून नाही. तिथे आवाज उठवण्याची ठरलेली वाट असते म्हणूनही.

ही ठरलेली वाट म्हणजे काही दिव्य गोष्ट नाही. करारात तक्रारीच्या पायऱ्या लिहिलेल्या असतात. आधी सुपरवायझर, मग विभागप्रमुख, मग दोन्ही बाजूंची समिती, आणि तरीही सुटलं नाही तर बाहेरचा लवाद. प्रत्येक पायरीला मुदत असते आणि उत्तर लेखी द्यावं लागतं. शिस्तभंगाची चौकशी असेल तर माणूस एकटा बसत नाही, सोबत युनियनचा प्रतिनिधी असतो. अमेरिकेत हा हक्क 1975 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पक्का झाला. एका दुकानातल्या कर्मचारी महिलेवर चोरीचा संशय घेऊन तिला एकटीला बसवून प्रश्न विचारले गेले होते. प्रतिनिधी बोलवा असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, पण तिचं ऐकलं गेलं नाही. बंद खोलीत तीन साहेबांसमोर एकट्याने बसलेला माणूस काय काय कबूल करतो हे ज्याने पाहिलं आहे, त्याला या हक्काची किंमत वेगळी समजवावी लागत नाही.

पगारवाढ महागाईत विरून जाते. 'कारण लेखी द्या' हा नियम मात्र एकदा करारात आला की सहजासहजी जात नाही. मला युनियन हवी ती यासाठी.

आता मॅनेजमेंटच्या बाजूचं. 'आपण एक कुटुंब आहोत' हे वाक्य मी सोडून देते, कारण कुटुंबातून कुणाला तीन महिन्यांच्या नोटिशीवर काढत नाहीत. पण त्यांच्या दोन हरकतींमध्ये दम आहे आणि आपल्या सह्या गोळा करणाऱ्यांनी त्यांना धड उत्तर दिलेलं नाही.

पहिली हरकत अशी की युनियन आली की सगळं ज्येष्ठतेवर जातं. जुना माणूस आधी, नवा नंतर, काम कोण कसं करतो याला अर्थ नाही. जगभरातल्या करारांमध्ये ही प्रवृत्ती खरोखर दिसते. माणसं कमी करायची वेळ आली की शेवटी आलेला आधी जातो, पदोन्नतीत वर्षं मोजली जातात. युनियन हे करते कारण वर्षं मोजता येतात, गुणवत्ता मोजताना साहेबाची मर्जी मध्ये येते. तर्क कळतो. पण चार वर्षांपूर्वी आलेल्या, दहा वर्षांचं काम अंगावर घेणाऱ्या मुलीला हा तर्क ऐकवून पाहा. माझं म्हणणं, ज्येष्ठतेचा नियम कपातीपुरता ठेवावा, पदोन्नतीला लावू नये. पदोन्नतीसाठी निकष आधी जाहीर करा आणि नाकारलं तर कारण द्या, एवढीच मागणी पुरेशी आहे. आणि मॅनेजमेंटलाही एक विचारते, आत्ता पदोन्नत्या गुणवत्तेवर होतात असं तुम्ही शपथेवर सांगाल का?

दुसरी हरकत, निर्णय मंदावतात. यंत्र बदलायचं, वेळा बदलायच्या, एखादं काम बाहेर द्यायचं, सगळ्यात वाटाघाटी. ही हरकत मला पूर्णपणे मान्य आहे. निर्णय मंदावतील. काही चांगले निर्णयही मंदावतील आणि एखादी मोठी ऑर्डर त्यामुळे हातची जाईल. त्या बदल्यात वाईट निर्णयही मंदावतील, हा सौदा आहे. तो फायद्याचा की तोट्याचा, हे मागच्या काही वर्षांत आपल्यावर लादलेल्या निर्णयांपैकी चांगले किती आणि वाईट किती यावर ठरेल. प्रत्येकाने आपला हिशेब स्वतः करावा.

मॅनेजमेंटने आता 'कर्मचारी संवाद समिती'चा प्रस्ताव पुढे केला आहे आणि त्यासोबत जर्मनीचं नाव घेतलं आहे. म्हणून थोडं जर्मनीबद्दल. तिथे खाजगी कंपनीत पाच कायम कर्मचारी असले तरी ते कार्यपरिषद निवडू शकतात. ती परिषद संप करू शकत नाही, संपाचा अधिकार युनियनकडे असतो. इथपर्यंत प्रस्ताव आणि जर्मनी सारखे वाटतात. पण त्या परिषदेला कायद्याने दात दिलेले आहेत. कामाच्या वेळा, ओव्हरटाइम, कर्मचाऱ्यांवर नजर ठेवणारी यंत्रणा अशा बाबतीत तिच्या संमतीशिवाय मालकाला पुढे जाता येत नाही. कुणालाही काढण्याआधी तिचं म्हणणं ऐकावं लागतं, नाहीतर ती कारवाईच रद्द ठरते. आपल्या प्रस्तावित समितीत सभासद कोण नेमणार? मॅनेजमेंट. बैठक कोण बोलावणार? मॅनेजमेंट. ठराव कुणावर बंधनकारक? कुणावरच नाही. अमेरिकेत 1920 च्या दशकात मालकांनी अशाच समित्या ठिकठिकाणी उभ्या केल्या होत्या आणि 1935 च्या कामगार कायद्याने मालकाच्या ताब्यातल्या संघटनांवर बंदी घातली ती याच अनुभवातून. समिती हवी तर जरूर असू द्या. फक्त तिला एखाद्या गोष्टीला 'नाही' म्हणता येईल का, हा एक प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा.

इथून पुढचा भाग सह्या गोळा करणाऱ्या मित्रांना कडू लागेल.

वर्गणीबद्दल मी बोलत नाही. महिन्याची वर्गणी कुणाला जड जाणार नाही आणि ज्याला जाईल त्याला सूट देता येईल. वेळेची किंमत जास्त आहे. वाटाघाटी, कागदपत्रं, तक्रारदाराचं ऐकणं, हे सगळं कुणीतरी आपली ड्यूटी संपल्यावर करायचं असतं. दोन वर्षांत तेच चारजण उरतात आणि बाकीचे 'युनियन काय करते?' असं विचारायला लागतात, जणू युनियन म्हणजे कुणी बाहेरचं दुकान आहे.

संपाची किंमत मात्र सांगायलाच हवी, कारण आपल्या सभांमध्ये 'वेळ पडली तर बंद पाडू' हे वाक्य फार सहज उच्चारलं जातंय. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. हजारो कामगार परत कधी कामावर गेले नाहीत, आणि पुढच्या वर्षांत गिरण्याच गेल्या. यावरून 'युनियनने गिरण्या संपवल्या' असं सांगणारे भेटतात. ते अर्धवट आहे. जुनी यंत्रसामग्री, यंत्रमागांकडे सरकलेलं उत्पादन, गिरण्यांखालच्या जमिनीची वाढती किंमत, हे सगळं संपाच्या आधीपासून किंवा संपाबाहेर चालू होतं. पण संप किती काळ ताणायचा, आणि कोणत्या क्षणी थोडं घेऊन परत फिरायचं, हे ठरवण्याची काही यंत्रणा कामगारांच्या हातात होती का, हा प्रश्न उरतोच.

त्या संपाच्या मुळाशी असलेली आणखी एक गोष्ट आपण लक्षात घ्यायला हवी. मुंबईच्या 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्याने गिरण्यांसाठी राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही प्रातिनिधिक युनियन ठरली होती. वाटाघाटीचा हक्क तिचाच. कामगारांचा विश्वास मात्र तिच्यावरून उडाला होता. म्हणजे ज्यांच्या मागे कामगार होते त्यांना टेबलावर जागा नव्हती आणि टेबलावर जे होते त्यांच्या मागे कामगार नव्हते. हा कायदा रद्द करा, हीदेखील संपाची मागणी होती. आपला प्रतिनिधी बदलण्याचा साधा मार्ग कामगारांकडे नसला तर काय होतं, त्याचं इतकं मोठं उदाहरण क्वचित सापडेल.

ब्रिटनच्या कोळसा खाणींचंही थोडं असंच झालं. मार्च 1984 ते मार्च 1985 संप चालला. राष्ट्रीय पातळीवर सभासदांचं मतदान न घेता तो पुकारला गेला. नॉटिंगहॅमशायरच्या बहुतेक खाण कामगारांनी मतदान नाही म्हणून काम चालू ठेवलं, आणि पुढे आपली वेगळी युनियन काढली. मतदान झालं असतं तर संप जिंकला असता असं मी म्हणत नाही, सरकारने कोळशाचे साठे आधीच करून ठेवले होते. पण मतदान टाळल्यामुळे कामावर जाणाऱ्याला आयतं कारण मिळालं आणि एकाच खाणीतले लोक एकमेकांचे तोंड पाहीनासे झाले. अमेरिकेत ऑगस्ट 1981 मध्ये हवाई वाहतूक नियंत्रक संपावर गेले तेव्हा कायद्याने त्यांना संपाची परवानगीच नव्हती. अध्यक्ष रेगन यांनी 48 तासांची मुदत दिली आणि 11,000 हून जास्त लोकांना कामावरून काढलं. आपल्याशिवाय विमानं उडणार नाहीत, असा त्यांचा अंदाज होता. कमी संख्येने का होईना, पण उडाली.

तर 'बंद पाडू' म्हणणाऱ्यांना माझे साधे प्रश्न आहेत. संप निधी किती? किती आठवडे पुरेल? मतदान गुप्त होणार का, आणि किती टक्के मतं पडली तर संप ठरणार? परत फिरायचा निर्णय कोण घेणार? या प्रश्नांना उत्तर नसेल तर ती धमकी नुसती भाषणापुरती आहे, आणि मॅनेजमेंटला ते आपल्याआधी कळतं.

आता नेत्यांबद्दल. अमेरिकेतल्या मोटार कामगारांच्या युनियनची, म्हणजे यूएडब्ल्यूची गोष्ट मला या बाबतीत सर्वांत शिकवणारी वाटते. त्यात युनियनची दोन्ही रूपं एकाच संस्थेत दिसतात. 1936 च्या डिसेंबरपासून 1937 च्या फेब्रुवारीपर्यंत फ्लिंट शहरातल्या कारखान्यांत ठिय्या मारून कामगारांनी जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीला मान्यता द्यायला लावली. तीच युनियन पुढे मोठी झाली, श्रीमंत झाली. 2007 मध्ये तिने जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या मोठ्या तीन मोटार कंपन्यांशी असा करार केला की आहे त्या कामगारांचे पगार टिकतील, पण नव्याने येणारे साधारण निम्म्या पगारावर काम करतील. एकाच साखळीवर, शेजारी उभे राहून, तेच काम. ज्यांचा पगार कापला गेला त्यांना मत नव्हतं, कारण ते अजून नोकरीला लागलेच नव्हते. युनियनचे तोटे मोजायला बसलात तर हा सर्वांत वर लिहा. आत असलेल्यांचं भलं ती बाहेरच्यांच्या खर्चाने करू शकते, आणि बहुमताने करू शकते.

त्यानंतर भ्रष्टाचार बाहेर आला. या युनियनच्या दोन माजी अध्यक्षांनी 2020 मध्ये सभासदांच्या पैशांच्या अपहाराचा गुन्हा कबूल केला आणि दोघांनाही कैद झाली. अनेक दशकं एकाच गटाकडे सत्ता होती. अध्यक्ष निवडायचे ते अधिवेशनाचे प्रतिनिधी, साधा सभासद नव्हे. सरकारशी झालेल्या समझोत्यानंतर 2021 मध्ये सभासदांनी सार्वमत घेऊन थेट निवडणुकीची पद्धत आणली. पहिल्याच थेट निवडणुकीत विद्यमान अध्यक्ष पाचशेपेक्षा कमी मतांनी पडले आणि मार्च 2023 मध्ये शॉन फेन निवडून आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी संप केला तोही वेगळ्या पद्धतीने. तिन्ही कंपन्यांवर एकदम संप, पण सगळे कारखाने बंद नाहीत. सुरुवातीला प्रत्येकी एक, मग वाटाघाटी अडतील तसे आणखी. त्यामुळे संप निधी टिकला, आणि पुढचा घाव कुठे बसणार हे कंपन्यांना कळेना. साधारण सहा आठवड्यांत साडेचार वर्षांसाठी 25 टक्के मूळ पगारवाढीचे करार झाले आणि 2007 चा दुजाभाव बऱ्याच अंशी मिटला. 2024 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या देखरेख अधिकाऱ्याने याच नव्या अध्यक्षांच्या कारभाराचीही चौकशी सुरू केली. मला तर हे चांगलं लक्षण वाटतं. नेता लोकप्रिय आहे म्हणून हिशेब थांबत नाहीत.

कामगार तेच, कंपन्या त्याच, युनियनचं नावही तेच. मधल्या काळात एक मोठा बदल झाला तो मतदानाच्या नियमात. म्हणून मी घटनेचा एवढा आग्रह धरते.

आपल्याकडच्या अर्जाबरोबर घटनेचा जो दीड पानी मसुदा फिरतो आहे तो मी वाचला. त्यात कार्यकारिणीची मुदत लिहिलेली नाही. हिशेब 'वेळोवेळी' सादर होतील असं आहे. संपाबद्दल एक ओळ आहे आणि तिच्यात मतदान हा शब्द नाही. कंत्राटी कर्मचाऱ्यांचा उल्लेखच नाही. शेवटच्या गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग आला. आपल्या प्रत्येक विभागात कंत्राटी माणसं आहेत, आपल्याइतकंच काम करतात. त्यांना सभासद करायला कायद्याच्या किंवा त्यांच्या कंत्राटदाराच्या अडचणी असतील, त्या बघता येतील. पण कायम कर्मचाऱ्यांची युनियन त्यांच्याबद्दल एक शब्द न लिहिता उभी राहिली, तर पहिल्याच वाटाघाटीत मॅनेजमेंट आपल्यापुढे तोच 2007 चा सौदा ठेवेल. तुमचं वाढवतो, त्यांचं कमी करतो. आणि आपण तो घेऊ. आपल्यातल्या कितीजणांना तेव्हा नाही म्हणता येईल?

सह्यांच्या पद्धतीबद्दलही एक बोलते. परिविक्षेवर, म्हणजे प्रोबेशनवर, असलेल्या मुलामुलींकडून आधी सह्या घेणं बंद करा. संघटना करण्याचं स्वातंत्र्य आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1948 च्या 87 क्रमांकाच्या आणि 1949 च्या 98 क्रमांकाच्या करारात आहे, बहुतेक देशांच्या कायद्यांतही कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. (भारत आणि अमेरिका या दोघांनीही हे दोन्ही करार अजून स्वीकारलेले नाहीत, हे भाषण करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.) पण कायदा निकाल देतो काही वर्षांनी, आणि परिविक्षेवरच्या मुलीला घरी पाठवायला एक पत्र पुरतं. ज्यांची नोकरी पक्की आहे त्यांनी पहिल्या पानावर नावं घालावीत. माझं नावही तिथेच असेल, मसुदा सुधारला तर.

आणि सही झाली, मान्यता मिळाली म्हणजे करार झाला असं समजू नका. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या ॲमेझॉनच्या गोदामात एप्रिल 2022 मध्ये कामगारांनी 2,654 विरुद्ध 2,131 मतांनी युनियन निवडली. जगभर बातमी झाली. दोन वर्षं उलटली तरी करार नव्हता. कंपनीने निकालालाच आव्हान दिलं, युनियनमध्ये आपसांत भांडणं लागली आणि 2024 मध्ये त्यांनी टीमस्टर्स या जुन्या मोठ्या युनियनशी जोडून घेतलं. मतदान जिंकायला जोश पुरतो. त्यानंतरचं काम म्हणजे कंटाळवाणे कागद, तारखा आणि परत परत तेच मुद्दे. त्या काळात सभासद गळतात, आणि तेच समोरच्याला हवं असतं.

उलटं उदाहरणही आहे, म्हणजे तुम्ही म्हणाल ही फक्त घाबरवते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार ठरलेल्या तारखेला, अशा मागण्या होत्या. सहा वर्षांनी, 10 जून 1890 ला, रविवारची सुट्टी मान्य झाली. लोखंडे यांच्या संघटनेकडे सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमही नव्हते, अशी त्या काळच्या सरकारी अहवालातली नोंद आहे. एक स्पष्ट, सगळ्यांना पटणारी मागणी असेल तर एवढ्यावरही काहीतरी मिळतं. पण यादी, निधी आणि नियम नसलेली ती संघटना लोखंडे 1897 मध्ये गेल्यावर टिकली नाही. मिळालेलं राखायला पुढे कुणी नव्हतं.

म्हणून सह्या गोळा करणाऱ्या मित्रांकडे माझी मागणी अशी आहे, आणि तुम्हालाही पटली तर तुम्हीही ती करा. घटनेचा मसुदा पुन्हा लिहा. पदाधिकाऱ्यांची मुदत दोन वर्षांची, निवड थेट सभासदांच्या गुप्त मतदानाने, आणि तेच पद सलग दोनदाच. मधल्या काळात ठरावीक सभासदांनी लेखी मागणी केली तर पदाधिकारी परत बोलावण्याची सोय. हिशेब दर तीन महिन्यांनी फलकावर, आणि तपासनीस कार्यकारिणीबाहेरचा. संपाआधी गुप्त मतदान, दोन तृतीयांश बहुमत, आणि संप चालू असताना ठरावीक अंतराने पुन्हा मतदान, म्हणजे परत फिरायचं की नाही हे एका माणसाच्या अहंकारावर अवलंबून राहणार नाही. वर्गणीतला ठरलेला हिस्सा पहिल्या दिवसापासून संप निधीत. नव्याने येणाऱ्यांसाठी किंवा कंत्राटी लोकांसाठी त्याच कामाला कमी दर मान्य करणारा कुठलाही करार कार्यकारिणीला परस्पर करता येणार नाही. आणि मागणीपत्रात पगाराच्या आधी तक्रारीच्या पायऱ्या, चौकशीत सोबत प्रतिनिधी आणि नियम बदलण्याआधी लेखी कारण.

बाहेरचा अनुभवी सल्लागार घ्यायला माझी हरकत नाही, आपल्यातल्या कुणालाच करार लिहिता येत नाही. पण त्याला मत नसावं आणि अध्यक्षपद तर नकोच. कुठल्याही पक्षाचा झेंडा नको, हेही मसुद्यात लिहा. नंतर बोलू, असं म्हणू नका.

दोन तृतीयांशची अट फार कडक आहे, लढ्याचे हात बांधले जातील, अशी टीका होईल. होऊ दे. कदाचित साध्या बहुमतावर तडजोड करावी लागेल, मी त्याला तयार आहे. गुप्त मतदान आणि हिशेब यांवर मात्र नाही.

मॅनेजमेंटमधले लोक हे पत्र वाचणार आहेत हे मला माहीत आहे. तुम्हाला युनियन नको असेल तर तक्रारीच्या पायऱ्या आणि लेखी कारणाचा नियम तुम्ही स्वतःहून उद्याच लागू करू शकता. सह्यांची निम्मी गरज त्याने संपेल. उरलेल्या निम्म्याचं बघू.

तोवर, अजून न ठरवलेल्या मित्रांनो, घाईने सही करू नका आणि घाईने नकारही देऊ नका. सुधारलेला मसुदा मागा. मिळाला की जेवणाच्या सुट्टीत दहा-दहाच्या गटात बसून कलम कलम वाचू, हरकती लिहून काढू आणि त्या कार्यकारिणी होऊ पाहणाऱ्यांकडून तोंडावर उत्तरं घेऊ. ज्यांना वाचून दाखवायला हवं त्यांना मी वाचून दाखवीन.

तुमचीच,
हिशेब विभागातली एक सहकारी